दीडशे पानं आणि एकतीस वेगळ्या मागण्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन दिवसांचं निवासी शिबिर, दीडशे माणसं, एकच स्वयंपाकघर आणि हाताशी पाच-सहा मदतनीस. नोंदणीच्या अर्जात ‘खाण्यापिण्याबद्दल काही सूचना?’ असा रकाना होता आणि त्यात एकतीस जणांनी काही ना काही लिहिलं आहे. १२ शाकाहारी, ४ व्हीगन (दूध-तुपासकट काहीच प्राणिज न खाणारे), ५ जणांना दूध चालत नाही, ३ जणांनी ‘ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन) नको’ लिहिलंय, दोघांना शेंगदाणा आणि सुकामेवा चालत नाही, तिघं मधुमेही आणि दोघं कांदा-लसूण न खाणारे. एकतीस वेगळी ताटं करायची, की ‘एवढं जमणार नाही’ असं सरळ कळवून टाकायचं?

दोन्ही नको. या यादीत खरोखर वेगळा स्वयंपाक लागेल तो तीन-चार जणांचा. बाकीच्यांची सोय मुख्य पातेल्यातच होते, मात्र तिचा विचार मेनू ठरवतानाच करायला हवा, ठरल्यावर नाही. मोठ्या गटांचा स्वयंपाक मी बरीच वर्षं करतेय आणि यात माझं मत पक्कं आहे: वेगळी ताटं जितकी कमी, तितकी ती नीट सांभाळली जातात. एकतीस डबे भरणारं स्वयंपाकघर फार कष्टाळू दिसतं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे दमलेले असताना, त्यातला एखादा डबा भलत्याच माणसाच्या हातात जातो.

आधी नीट विचारा

त्या रकान्यात माणूस मनात येईल ते लिहितो. ‘ग्लुटेन नको’ लिहिणारा, ग्लुटेनच्या अंशानेही आतड्याला इजा होते त्या सिलिअ‍ॅकचा रुग्ण असू शकतो, आणि गव्हाने पोट जड होतं म्हणून जमेल तेव्हा टाळणाराही असू शकतो. दोघांसाठी स्वयंपाकघरात करायची कामं पूर्ण वेगळी आहेत. म्हणून या एकतीस जणांना पुन्हा विचारा, आणि तीनच गोष्टी विचारा. कोणता पदार्थ चालत नाही? तो चुकून पोटात गेला तर काय होतं? आणि तो पदार्थ तुमच्या ताटात नाही, पण त्याच तेलात तळलंय किंवा त्याच डावाने ढवळलंय, तर चालेल का?

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. दूध न पचणारा म्हणतो, ‘डाव तोच असला तरी मला काही होत नाही.’ दुधाची अ‍ॅलर्जी असलेला म्हणतो, ‘अजिबात नाही.’ अर्जात दोघांनीही ‘दूध चालत नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणाऱ्याच्या आतड्यात लॅक्टेज हे विकर कमी पडतं. पोट फुगतं, जुलाब होतात, पण जीव जात नाही. अशा बऱ्याच जणांना एका वेळी कपभर दुधातलं, म्हणजे साधारण १२ ग्रॅम, लॅक्टोज सोसतंसुद्धा. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनांवर उठते आणि तिथे चमचाभरही खूप होतो. तुपावरून हा फरक चटकन कळतो. नीट कढवलेल्या तुपात लॅक्टोज जवळजवळ उरत नाही, म्हणून पहिल्याला ते चालतं. प्रथिनांचा अंश मात्र राहू शकतो, म्हणून दुसऱ्याला ते द्यायचं नाही. व्हीगन माणसाला तर ते चालणारच नाही.

गंभीर अ‍ॅलर्जी आणि सिलिअ‍ॅक असलेल्यांना फोन करा. लेखी उत्तरावर भागवू नका. मुलं असतील तर आई-वडिलांशी बोला. याआधी कधी त्रास झाला होता, तेव्हा काय करावं लागलं, अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन जवळ बाळगता का, ते शिबिरात कुणाकडे असेल, हे विचारून लिहून ठेवा. पाच-दहा मिनिटांच्या या बोलण्यातून बहुतेक वेळा तो माणूसच तुम्हाला उपाय सांगतो. वर्षानुवर्षं तो हेच करत असतो. काय सोपं आणि काय अवघड, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

एक सांगून ठेवते. कोण ‘खरंच आजारी’ आणि कोण ‘नुसते नखरे’ याचा न्याय करायला बसू नका. काल केक खाताना दिसलेली बाई आज ग्लुटेन नको म्हणत असेल, तर तिला तेवढं सोसत असेल किंवा तिने त्रास पत्करला असेल. आपला संबंध आज तिच्या ताटात काय जाणार एवढ्याशीच. मदतनिसांमध्ये या विषयावर थट्टा सुरू झाली की पुढची पायरी ‘थोडंसं असलं तर काय होतंय’ ही असते, आणि ती फार घातक आहे.

श्रद्धेतून किंवा नीतीतून आलेल्या मागण्यांमध्ये चुकीने कुणाचा जीव जात नाही, पण म्हणून त्या हलक्या ठरत नाहीत. शाकाहाऱ्याला मांसाचा रस्सा गेला तर ते माफी मागून भरून निघत नाही. हलाल पाळणाऱ्यासाठी प्रश्न फक्त मांस कसं कापलं याचा नसतो. मद्य घातलेला सॉस, प्राणिज जिलेटिन हेही विचारावं लागतं. जैन असतील तर कांदा-लसणाबरोबर बटाटा, गाजर, बीट हेही जातं आणि काही जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. तिथे पदार्थाच्या आधी वेळ सांभाळावी लागते. काटेकोर कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे आहारनियम, पाळणाऱ्यांसाठी मांसाची आणि दुधाची भांडी पूर्ण वेगळी असावी लागतात आणि देखरेखही त्यांच्याच माणसांची लागते. साध्या स्वयंपाकघरात ते होत नाही, तसं सांगून त्यांच्या मान्यतेचं सीलबंद जेवण मागवणं हाच सरळ मार्ग.

एकतीसचे चार कसे होतात

आता मेनूकडे या. मुख्य पातेलं असं ठरवा की त्यात मांस, दूध, गहू आणि सुकामेवा यांपैकी काहीच नसेल. ऐकायला हे फार बेचव वाटतं, प्रत्यक्षात तसं नसतं. भात, डाळ किंवा कडधान्य, तेलावर परतलेल्या दोन भाज्या, टोमॅटोचा रस्सा, कोशिंबीर, फळं यांत यातलं काहीच मुळात नसतं. आपण ते सवयीने घालतो. रस्सा दाट करायला मैदा घालायची सवय असेल तर तांदळाचं पीठ, कॉर्नफ्लोअर किंवा त्याच रश्शातल्या शिजलेल्या भाज्या वाटून घाला. लोणी, साय, चीज, मांसाचा पदार्थ हे सगळं शेवटी, वेगळ्या भांड्यात, ज्याचं त्याने घ्यायचं. ब्रेड किंवा पोळीही वेगळ्या टेबलावर.

एवढं केलं की १२ शाकाहारी, ४ व्हीगन आणि दूध न पचणारे असे २१ जण यादीतून गेले. ते मुख्य पातेल्यातलंच जेवतात आणि कुणाला कळतही नाही. ग्लुटेनवाल्या तिघांपैकी ज्यांना अंश चालतो ते दोघंही गेले. मधुमेह्यांसाठी सहसा वेगळा पदार्थ लागतच नाही. त्यांना हवी असते ती वेळेची खात्री, आणि ताटातला भात, बटाटा, ब्रेड, गोड हे बाकीच्यापासून सुटं असण्याची. म्हणजे किती घ्यायचं ते त्यांना ठरवता येतं. सगळं एकत्र कालवलेल्या पदार्थात तो अंदाज लागत नाही. इन्सुलिन घेणारा कुणी असेल तर ‘जेवण अर्धा तास उशिरा’ ही त्याच्यासाठी किरकोळ बाब नाही. इन्सुलिन घेतलं आणि जेवण आलं नाही तर रक्तातली साखर धोकादायक इतकी उतरते. उशीर होणार असेल तर त्याला आधी जाऊन सांगा, आणि साखर किंवा फळांचा रस हाताशी असू द्या.

शेंगदाणा आणि सुकामेवा तीन दिवसांसाठी स्वयंपाकघरातून सरळ हद्दपार करा. दोन माणसांसाठी दीडशे जणांवर बंदी, अशी कुरकुर होईल. पण शेंगदाण्याचं कूट हा असा जिन्नस आहे की एकदा डबा उघडला की तो ओट्यावर, फडक्यावर, मिठाच्या वाटीत, सगळीकडे जातो. तीन दिवस दाण्याशिवाय कुणाचं काही अडत नाही आणि तुमचं निम्मं ओझं उतरतं. गहू तसा हद्दपार करणं दीडशे जणांसाठी अवघड असतं, म्हणून सिलिअ‍ॅकवाल्याचं ताट वेगळं.

उरले कोण? एक सिलिअ‍ॅक, एक तीव्र अ‍ॅलर्जीवाला आणि कांदा-लसूण न खाणारे दोघं. शेवटच्या दोघांचं कांदा घालण्याआधी छोट्या पातेल्यात काढून ठेवलं की झालं, फोडणी तेवढी वेगळी. दूधवाल्या पाचांत एखादी खरी अ‍ॅलर्जी निघाली तर आणखी एक ताट वाढेल. चार-पाच ताटं माणूस लक्षात ठेवू शकतो.

यात एक सापळा आहे, आणि अनुभवी आचारीही त्यात सापडतात. एक जिन्नस काढून त्याच्या जागी आपण जे घालतो ते दुसऱ्या कुणाला बाधतं. व्हीगनांसाठी सायीऐवजी काजूची पेस्ट घातली की सुकामेव्याच्या अ‍ॅलर्जीवाला गेला. ग्लुटेन नको म्हणून बदामाच्या पिठाचा केक केला, पुन्हा तेच. दुधाऐवजी सोयाबीनचं दूध आणलं तर सोयाची अ‍ॅलर्जी आहे का ते पाहायला हवं. मांसाला पर्याय म्हणून मिळणारं सायटन तर जवळजवळ निव्वळ ग्लुटेनच. म्हणून मेनू कागदावर उभा-आडवा मांडा. उभे पदार्थ, आडवे बाधणारे जिन्नस, आणि जिथे आहे तिथे फुली. आडव्या रकान्यांसाठी युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमातली चौदा नावं चांगली उपयोगी पडतात: ग्लुटेनयुक्त धान्यं, कोळंबी-खेकडा वर्ग, अंडी, मासे, शेंगदाणा, सोयाबीन, दूध, काजू-बदाम वर्ग, सेलरी, मोहरी, तीळ, सल्फाइट (टिकवण्यासाठी घालतात ते), ल्युपिन (एक कडधान्य) आणि शिंपल्यांचा वर्ग. अमेरिकेच्या यादीत नऊच आहेत आणि त्यातला तीळ २०२३ पासून आला. मोहरी त्या यादीत नाही, पण तुमच्या प्रत्येक फोडणीत असेल, म्हणून लांबलचक यादीच बरी. ही चौकट भरली की कोणता पदार्थ किती जणांना नडतोय ते समोर दिसतं आणि बहुतेक वेळा एखादाच पदार्थ बदलून काम भागतं.

पाकिटाच्या मागे वाचा

वेगळ्या मागण्यांमध्ये माणूस फसतो तो भाजीत किंवा धान्यात नाही, पाकिटात. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात सहसा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. सिलिअ‍ॅकवाल्याच्या डाळीत तो चिमूटभर गेला तरी ती डाळ गेली. नेहमीच्या सोया सॉसमध्ये सहसा गहूही असतो. सूपच्या वड्या, तयार मसाले, कस्टर्ड, सॉसेज यांत गहू, दूध, सेलरी काहीही असू शकतं. वूस्टर सॉसमध्ये सहसा अँकोव्ही हा मासा असतो. जेलीत जिलेटिन, काही चीजमध्ये दूध घट्ट करायला वापरलेलं, वासराच्या जठरातलं रेनेट. शाकाहारी म्हणून दिलेल्या ताटात हे सर्रास जातं. ओट्स मुळात ग्लुटेनचे नसले तरी शेतात आणि गिरणीत गव्हात मिसळतात, म्हणून वेष्टनावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिलेलेच घ्यायचे. ती खूण म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही. हा आकडा मदतनिसांना मुद्दाम सांगावा. किलोभर अन्नात २० मिलिग्रॅम म्हणजे पिठाची डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी चिमूट, आणि ती मर्यादासुद्धा ओलांडायची नाही.

नेहमीचाच ब्रँड असला तरी पाकीट दर वेळी वाचायचं, कारण घटक बदलतात. सुट्या मालाच्या बाबतीत शंका असेल तर वेगळ्या ताटासाठी तो वापरूच नका. २०१४ च्या अखेरीपासून अमेरिकेत जिऱ्याच्या पुडीत शेंगदाण्याची प्रथिनं सापडली आणि ती पूड घातलेले कितीतरी पदार्थ परत मागवावे लागले. पूड कुणालाच ओळखता येत नाही. मी वेगळ्या ताटांसाठी मसाले अख्खे घेते आणि निवडून त्याच दिवशी, स्वच्छ भांड्यात कुटते.

पुढचा नियम भिंतीवर लावावा इतका महत्त्वाचा आहे: ठरलेला जिन्नस कुणीही, कितीही घाईत, न सांगता बदलायचा नाही. ब्रिटनमध्ये एका रेस्टॉरंटच्या मालकाने बदामाच्या पुडीऐवजी स्वस्त, शेंगदाणा असलेली पूड वापरायला सुरुवात केली. शेंगदाणा नको असं स्पष्ट सांगितलेला एक गिऱ्हाईक जानेवारी २०१४ मध्ये ते जेवण खाऊन दगावला. मालकाला २०१६ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे असं मुद्दाम कुणी करत नाही, पण ‘ते संपलं होतं म्हणून हे घातलं’ हे वाक्य प्रत्येक मोठ्या स्वयंपाकघरात रोज ऐकू येतं. रिकामी पाकिटं शिबिर संपेपर्यंत एका खोक्यात ठेवा. कुणाला त्रास झालाच तर पोटात काय गेलं हे डॉक्टरला दाखवता येतं.

ओट्यावर

क्रम सोपा आहे. वेगळी ताटं सकाळी पहिली, ओटा धुतल्यावर, बाकीची पिठं आणि डबे उघडण्याआधी. पीठ चाळलं की त्याची धूळ हवेत बराच वेळ तरंगत राहते आणि उघड्या भांड्यांवर बसते, म्हणून कणिक तिंबायची जागाच लांब असावी. वेगळ्या ताटांसाठी एक चॉपिंग बोर्ड, एक सुरी, दोन पातेली, एक डाव, एक चाळण आणि झाकणं, सगळं एकाच रंगाची पट्टी चिकटवून बाजूला ठेवा. लाकडी डाव आणि पोळपाट यांच्या भेगांत पीठ बसतं, चाळणीच्या जाळीतून ते निघत नाही. या वस्तू नव्या किंवा राखीव हव्यातच. बाकी धातूची भांडी साबणाने घासून, नीट खळबळून घेतली की पुरे.

तळणीचं तेल वेगळं. उकळत्या तेलात सगळं मरतं, हा समज जंतूंपुरता ठीक आहे. प्रथिनं मरत नाहीत, ग्लुटेनही नाही. शेंगदाणा भाजल्याने तर त्याची अ‍ॅलर्जी जागवायची ताकद वाढते. हातांचंही तेच. अल्कोहोलच्या जेलने हातावरचा शेंगदाण्याचा अंश जात नाही, साबण-पाण्याने जातो. हातमोजे घालून आधी ब्रेड आणि मग वेगळं ताट हाताळलं तर मोज्यांचा काही उपयोग नाही. मिठाच्या उघड्या भांड्यात पिठाचे हात जातात, म्हणून वेगळ्या ताटाचं मीठ आणि तेल नव्या पाकिटातलं. फडकं नको, कागदी रुमाल घ्या. चव बघायचा चमचा दुसऱ्या पातेल्यातून थेट इकडे येतो. हे इतकं सवयीचं असतं की करणाऱ्याला जाणवतही नाही. कोठीत वेगळ्या ताटाचा माल नेहमी सगळ्यात वरच्या फळीवर. वरून पीठ खाली सांडतं, खालून वर सांडत नाही.

आधी करायचं म्हटलं की दुसरा धोका येतो आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. वेगळं ताट सगळ्यात आधी होतं आणि सगळ्यात जास्त वेळ थांबतं. शिवाय थोडंसं अन्न मोठ्या पातेल्यापेक्षा लवकर कोमट होतं. ग्लुटेनपासून वाचवलेला माणूस शिळ्या भाताने आजारी पडायचा! शिजलेल्या भातात टिकून राहणारे बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू कोमट तापमानात वाढतात आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. एक तर अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवा, नाहीतर उथळ भांड्यात पसरून लवकर गार करा: दोन तासांत २१ अंशांपर्यंत, त्यापुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत, आणि वाढताना पुन्हा ७५ अंशांपर्यंत कडकडीत. काडीचा थर्मामीटर विकत घ्या.

मूत्रपिंडाच्या रुग्णाने ‘मीठ कमी’ लिहिलं असेल तर बाजारातलं कमी सोडियमचं मीठ परस्पर वापरू नका. त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं आणि अशा रुग्णाला पोटॅशियमच घातक ठरू शकतं. त्याचा पदार्थ मिठाशिवाय करून लिंबू, मसाले, मिरी बाजूला द्या आणि डॉक्टरांनी दिलेली यादी त्याच्याकडून मागून घ्या. आपण आहारतज्ज्ञ व्हायला जायचं नाही.

वाढताना

इतकं सगळं करून घोटाळा होतो तो वाढपाच्या टेबलावर. स्वयंपाकघरात चार माणसं शिस्तीत असतात. टेबलाशी दीडशे हात असतात. एखादा पाहुणा सायीच्या भांड्यातला चमचा उचलून डाळीत घालतो, एवढ्यावर तुमची दिवसभराची मेहनत संपते. म्हणून सिलिअ‍ॅक आणि गंभीर अ‍ॅलर्जीची ताटं बुफेवर मांडायचीच नाहीत. ती स्वयंपाकघरात भरायची, झाकायची, वर नाव आणि काय वगळलंय ते लिहायचं, आणि ठरलेल्या एकाच माणसाने ती त्या व्यक्तीच्या हातात द्यायची. शिबिर सुरू होताना या दोघांची ओळख करून द्या. चेहरा माहीत असला की नावांचा गोंधळ होत नाही. त्यांना रांगेत आधी बोलवा, म्हणजे काही वेगळं लागलं तर स्वयंपाकघराला उसंत असते.

बुफेवर प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव आणि प्रत्येक भांड्यासमोर पाटी. पाटीवर ‘दूधमुक्त’, ‘ग्लुटेनमुक्त’ अशी वचनं लिहू नका. त्यात काय आहे ते लिहा. ‘डाळ: तूर, टोमॅटो, मोहरी, तेल’ एवढं पुरतं आणि त्यात खोटं ठरण्यासारखं काही नाही. सुक्या वस्तू पुढे आणि सांडणाऱ्या, भुरभुरणाऱ्या वस्तू शेवटी मांडा, म्हणजे चीज डाळीवरून नेताना त्यात पडणार नाही. ब्रेडचं टेबल वेगळं म्हटलं ते याचसाठी. ब्रेडवरून आठवलं, नताशा एडनान-लापेरूज ही पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी २०१६ मध्ये बॅगेत नावाच्या लांब फ्रेंच पावातल्या तिळामुळे दगावली. तीळ कणकेतच मिसळलेले होते, वरून दिसत नव्हते आणि वेष्टनावर लिहिलेले नव्हते. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तिथे ऑक्टोबर २०२१ मध्ये आला आणि जागेवरच पॅक करून विकल्या जाणाऱ्या अन्नावरही घटकांची पूर्ण यादी छापणं सक्तीचं झालं. तुमच्या वाढप्यांनी यातून एवढंच घ्यावं की ‘दिसत नाही म्हणजे नाही’ असं कधीही सांगायचं नाही. ‘यात अमुक आहे का?’ याला त्यांचं एकच उत्तर: ‘आत विचारून सांगतो.’ अंदाजाने दिलेलं ‘नसावं बहुतेक’ हे उत्तर मी स्वयंपाकघरात खपवून घेत नाही.

ताटावरून नको असलेला पदार्थ उचलून टाकला की झालं, हेही चालत नाही. दाणे भुरभुरलेली कोशिंबीर वरून साफ करून अ‍ॅलर्जीवाल्याला द्यायची नसते. ती टाकायची आणि नवी करायची. यासाठी प्रत्येक वेगळ्या ताटाचा एक जादा भाग आधीच करून झाकून ठेवा.

दोन बारीक गोष्टी. व्हीगन किंवा ग्लुटेनशिवायचं गोड चांगलं दिसलं की बाकीची मंडळी ते आधी संपवतात आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना उरत नाही. त्यामुळे एक तर ते सगळ्यांना पुरेल एवढं करा, किंवा नावानिशी बाजूला काढा. दुसरी, माइकवरून ‘अ‍ॅलर्जीवाल्यांनी इकडे या’ अशी घोषणा करू नका. मुलांना तर ते फार लागतं. वेगळं ताट शक्य तितकं इतरांसारखंच दिसावं. सगळ्यांना रस्सा-भात आणि त्याच्यापुढे उकडलेला बटाटा, असं रोज झालं तर ते मूल तिसऱ्या दिवशी मित्राच्या ताटातलं खाणारच.

नाही म्हणायची वेळ

काही मागण्या तुमच्या स्वयंपाकघराच्या आवाक्याबाहेरच्या असतात. अशा वेळी ‘बघू, करू काहीतरी’ हे सगळ्यात वाईट उत्तर. ‘या स्वयंपाकघरात गव्हाचं पीठ रोज वापरलं जातं, तुमचं ताट वेगळ्या भांड्यांत करू, पण हवेतला अंश शून्य असेल अशी हमी देता येत नाही’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे निर्णय त्याला घेता येतो. कुणी स्वतःचं जेवण आणायचं म्हटलं तर मान दुखावून घेऊ नका. फ्रिजमध्ये वरची फळी, झाकणाचं भांडं आणि गरम करायची सोय द्या. जेवणाच्या शुल्कात तेवढी सूटही द्यावी, असं माझं मत आहे; आयोजकांना ते सहसा आवडत नाही.

तीव्र अ‍ॅलर्जीवाला शिबिरात असेल तर निदान दोन माणसांना पुढचं पाठ हवं. खाल्ल्यावर लवकरच ओठ-जीभ सुजणं, घसा आवळणं, आवाज बसणं, दम लागणं, घेरी येणं, अंगावर गांधी आणि त्याबरोबर उलट्या, असं दिसलं तर अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ‘थोडं थांबून बघू’ नाही. मग लगेच रुग्णवाहिका. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा, दम लागत असेल तर टेकून बसू द्या, पण उभं करू नका आणि चालवू नका. पाच मिनिटांत फरक पडला नाही आणि दुसरं इंजेक्शन असेल तर ते द्या. अ‍ॅलर्जीची गोळी हा याला पर्याय नाही. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण काही तासांनी लक्षणं उलटून येऊ शकतात.

राहिला तो माणूस, ज्याने अर्जात काहीच लिहिलं नाही आणि जेवणाच्या रांगेत उभा राहून सांगतो की मला गहू चालत नाही, दूध चालत नाही आणि अंडंही नाही. असा एक तरी येतो, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. कोठीत वरच्या फळीवर एक झाकणाचा डबा कायम भरलेला ठेवा: तांदळाचं न उघडलेलं पाकीट, मूगडाळ, तेलाची छोटी सीलबंद बाटली, मिठाची पुडी, अख्खी मिरी, दोन-चार बटाटे, सोलून खायची फळं, आणि सोबत राखीव पातेलं आणि डाव. जैन पाहुणा असेल तर बटाटा वगळा, बाकी सगळं चालतं. डाळ-तांदूळ अर्ध्या तासात शिजतात. तेवढ्या वेळात त्याला बाजूला बसवून ते तीन प्रश्न विचारा, फळ द्या, आणि पुढच्या जेवणापासून त्याचं नाव यादीत लिहा.